सुगला चटणी डॉट कॉम, मालक अज्ञात

पितृपक्षात नवीन काही घेऊ नये, हा नियम इंटरनेटला अजून कुणी सांगितलेला नाही.

आमच्या घरात तो सगळ्यांना पाठ आहे. आमच्या आईनं, म्हणजे अव्वानं, या नियमापायी एकदा माझी तुटकी चप्पल पितृपक्ष संपेपर्यंत शिवून शिवून चालवायला लावली होती. शाळेतली पोरं फळ्यावरच्या नकाशापेक्षा माझ्या पायाकडं जास्त बघायची. (मी जुळे सोलापुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळं जगातला कुठलाही पत्ता मला सापडतो, असा घरच्यांचा समज होता.)

आता पत्त्याची भानगड कशी सुरू झाली ते सांगतो. सुगला ही माझी वहिनी, थोरल्या भावाची, अण्णाची बायको. माहेर अक्कलकोटचं. तिच्या हातची शेंगाचटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेली, आणि भाकरी संपली तरी बोटानं पुसून खावी अशी. पण इतकी वर्षं सगळा गाव त्या चटणीला म्हणायचा, 'अण्णांच्या घरची चटणी'. अण्णानं जन्मात शेंगा फोडल्या त्या फक्त क्रिकेट बघताना. वहिनी डबे भरत राहायची.

मग गेल्या भाद्रपदात बचतगटाच्या प्रदर्शनात पुण्याच्या एका बाईंनी ती चटणी चाखली. या बाई दिवाळीला फराळाचे डबे करून मोठमोठ्या ऑफिसांना पाठवतात. त्या वहिनीला म्हणाल्या, "तुमची चटणी मी डब्यात घालते. सोबत कार्ड असतं. त्यावर करणाऱ्याचं नाव आणि वेबसाइटचा पत्ता छापते. दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत पत्ता कळवा. नाही आला तर मला दुसऱ्या कुणाची तरी चटणी घ्यावी लागेल."

वहिनी घरी आली ती चप्पल न काढताच आत शिरली. "कार्डावर माझं नाव छापणार म्हणे," ती म्हणाली. मग तिनं ते पुन्हा एकदा म्हटलं.

रात्री जेवणाआधी बैठक बसली. पत्त्याचा विषय असल्यामुळं अध्यक्षपद आपोआप माझ्याकडं आलं.

"नाव जरा भारदस्त पाहिजे," अण्णा म्हणाला. तो बँकेतून निवृत्त झालाय आणि निवृत्तीनंतर त्याला प्रत्येक विषयावर मत फुटलंय. "श्री सिद्धेश्वर कृपा गृहउद्योग आणि मसाले भांडार."

"अण्णा, लोकांना ते टाईप करावं लागतं," मी म्हणालो. "तेवढं टाईप करेपर्यंत माणसाची भूक मरेल."

"मग आधी देवाचं, मग आपल्या घरान्याचं घाल," अव्वा म्हणाली.

"सुगला चटणी," सुनंदा म्हणाली. ही माझी बायको. थोरल्या जावेला अक्का म्हणते. कमी बोलते आणि त्यामुळंच मला तिची भीती वाटते. "सुगला चटणी डॉट कॉम. अक्काची चटणी आहे, अक्काचं नाव."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. तेवढ्यावर नाव पक्कं झालं.

मग मी सगळ्यांना पत्ता म्हणजे काय ते समजावलं. (मागितलं नव्हतं कुणी. मी शिक्षक आहे.) म्हणालो, "हे बघा, कॉम्प्युटरला नाव कळत नाही, त्याला नुसते आकडे कळतात. पण लांबलचक आकडे कोण लक्षात ठेवणार? म्हणून त्या आकड्यांवर नावाची पाटी लावायची. ती पाटी जगात एकालाच मिळते. आधी मागेल त्याला. आणि ती विकत मिळत नाही, वर्षाच्या भाड्यानं मिळते."

"भाड्यानं?" अव्वाचा चेहरा पडला. "स्वताचं घ्या की मग. भाडेकरू म्हनून का ऱ्हायाचं?"

"अव्वा, जगात सगळेच भाडेकरू आहेत. मोठमोठ्या कंपन्यासुद्धा."

"त्या बी?" अव्वाला बरं वाटलं. "मग हरकत न्हाय. हातात काय देत्यात? कागद, किल्ली?"

"हाताला काहीच लागत नाही. सगळं वरच्यावर."

"आणि ते शेवटी कॉम कशाला?" अण्णा.

"तो तालुका समज. वळसंग आपल्या दक्षिण सोलापुरात आहे, तसं जत तालुक्यात पण आहे. नाव एकच, गावं दोन. तसं सुगला चटणी डॉट कॉम वेगळं, डॉट इन वेगळं, डॉट को डॉट इन वेगळं, डॉट शॉप वेगळं. ज्यानं जे घेतलं ते त्याचं."

मी लॅपटॉपवर नाव टाकून दाखवलं. समोर हिरवी खूण आली. नाव मोकळं होतं. वहिनी पुढं वाकली आणि त्या हिरव्या खुणेकडं बघत म्हणाली, "घ्या की भाऊजी लगेच."

मी खिशात हात घातलाच होता, तेवढ्यात अव्वा म्हणाली, "पितृपक्ष बसलाय."

झालं. हात तसाच बाहेर आला.

"दसरा हाय की म्होरं," अव्वा म्हणाली. "साडेतीन मुहूर्तातला. तवा पूजा करून घ्या, रीतीनं."

आणि इथं मी ते वाक्य बोललो, जे आता आमच्या घरात रोज कुणीतरी मला ऐकवतं. मी म्हणालो, "बरोबर आहे अव्वाचं. नावच आहे ते, कुठं पळतंय? सुगला नावानं चटणी विकणारं या पृथ्वीतलावर दुसरं आहे कोण?" आणि जेवायला बसलो.

मधल्या काळात आम्ही गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण अण्णानं 'दसऱ्याच्या शुभमुहूर्तावर येत आहे' असं लिहून ते नाव सगळ्या ग्रुपवर टाकलं. बँकेतले निवृत्त, कॉलनीतले, सकाळी फिरायला जाणारे, सगळे. मी बरण्यांसाठी चिकटवायच्या पट्ट्या छापून घेतल्या. (छापून घेणं म्हणजे विकत घेणं नव्हे, असं मी अव्वाला पटवलं. भूगोलात असले वळसे शिकवतात.) थोडक्यात, नाव घ्यायचं सोडून त्याचं बाकी सगळं आम्ही उरकून टाकलं.

दसरा उजाडला. लॅपटॉपला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार घातला. अव्वानं कीबोर्डवर अक्षता टाकल्या, त्यातली एक 'एस'च्या बटणाखाली गेली ती अजून तिथंच आहे. अक्कलकोटहून वहिनीचा भाऊ सिद्धू आला होता. वहिनी एकटी स्वयंपाकघरात पुरणपोळ्या करत होती. आम्ही तिला हाका मारल्या तर म्हणाली, "तव्यावर पोळी आहे, तुम्ही करा सुरू."

मी हात जोडले, नाव टाकलं आणि बटण दाबलं.

लाल फुली.

मी चष्मा पुसला. परत टाकलं. परत लाल फुली. खाली लिहिलं होतं, हे नाव आधीच घेतलेलं आहे.

"काय म्हणतंय?" अण्णानं विचारलं.

"गेलं," मी म्हणालो.

"कुठं गेलं?"

"कुणीतरी घेतलं."

आत स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज चालूच होता. मी डॉट इन टाकलं. लाल फुली. डॉट को डॉट इन. लाल फुली. डॉट शॉप. लाल फुली! एक नाव जाणं आपण समजू शकतो. चारही दिशांनी घेरलेलं मी फक्त इतिहासाच्या तासाला ऐकलं होतं.

"ही टोळी आहे," मी म्हणालो. "परदेशातली. लोकांची नावं आधी घेऊन ठेवतात आणि मग अडवून विकतात."

"परदेशातल्यांना आपली सुगला कशी ठाऊक?" अव्वा म्हणाली.

आता नवल वाटतं ते एका गोष्टीचं. तेव्हा अण्णा पंख्याकडं बघत होता, सुनंदा बांगड्या फिरवत होती आणि सिद्धू, जो एरवी मिनिटभर गप्प बसत नाही, तो झेंडूच्या पाकळ्या मोजत होता. मला वाटलं धक्का बसलाय बिचाऱ्यांना.

मला मात्र एकच दिसत होतं. संध्याकाळपर्यंत पुण्याला पत्ता कळवायचा होता, आणि आत पोळ्या लाटणाऱ्या बाईला मी सांगणार होतो की तुझं नाव मी घालवलं. मला अक्षरशः रडू यायला लागलं होतं.

नाव कुणाचं आहे ते शोधायची एक सोय असते. ती उघडली. मालकाचं नाव लपवलेलं होतं. नुसतं राज्य दिसत होतं, महाराष्ट्र. चारही नावांना महाराष्ट्र!

"परदेशातली टोळी आपल्याकडं राहायला आली वाटतं," सुनंदा म्हणाली.

खाली एक चौकट होती, 'मालकाला निरोप पाठवा'. तिथं लिहिलेलं मालकाच्या ईमेलवर जातं. मी बाह्या सरसावल्या आणि मजकूर लिहिला. तो पुढं घरातल्या प्रत्येकानं मला मोठ्यानं वाचून दाखवल्यामुळं शब्दन्‌शब्द पाठ आहे:

'महाशय, आपण सुगला चटणी हे नाव चोरले आहे. आपल्या आईने आपल्याला हेच शिकवले काय? आपल्यासारख्या माणसाबरोबर ज्यांना दिवस काढावे लागतात, त्यांची मला कीव येते. ज्यांच्या नावावर आपण डल्ला मारला त्या आमच्या वहिनी अत्यंत भोळ्या आहेत. त्यांना चटणीपलीकडे काही कळत नाही. त्यांचे सर्व व्यवहार मीच पाहतो. तरी आज संध्याकाळच्या आत नाव परत करावे. भूगोल विभागप्रमुख.'

(आमच्या शाळेत भूगोल विभागात मी एकटाच आहे.)

आधी डॉट कॉमच्या मालकाला पाठवला. आत कुठंतरी 'टुंग' वाजलं. मी लक्ष दिलं नाही.

मग डॉट इनच्या मालकाला पाठवला. 'टुंग'. हे अण्णाच्या खिशात.

अण्णानं फोन काढला, चष्मा वर केला, वाचलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "शिवा," तो म्हणाला, "मला कुणीतरी चोर म्हणतंय. भूगोल विभागप्रमुख म्हणून सही आहे."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. बोट मात्र आधीच पुढं गेलं होतं, डॉट को डॉट इन. 'टुंग'. सुनंदाच्या हातातला फोन उजळला.

डॉट शॉप. 'टुंग'. सिद्धू कन्नडमधून काहीतरी म्हणाला. ते मला उद्देशून नसावं अशी आशा आहे.

"अण्णा?" मी म्हणालो.

"अरे, ग्रुपवर टाकलं तर बँकेतल्या एकानं विचारलं, आधी घेऊन ठेवलंय ना? गुपचूप बघितलं तर कॉम गेलेलं! म्हणून मग इन घेतलं. म्हटलं निदान एक तरी घरात राहू दे."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"पितृपक्षात घेतलं म्हणून अव्वासमोर कुणी सांगायचं?"

"मी बघितलं तेव्हा कॉम पण गेलं होतं आणि इन पण," सुनंदा म्हणाली. "म्हणून को डॉट इन. तुमच्यावर माझा विश्वास आहे हो. तुमच्या 'कुठं पळतंय'वर नाही." तिनं फोनकडं बघितलं. "'आपल्यासारख्या माणसाबरोबर ज्यांना दिवस काढावे लागतात, त्यांची मला कीव येते.' हे माझ्यासाठी लिहिलंय होय?"

"सिद्धू, तू पण?"

"मी न्हाय सर, अव्वानं सांगितलं," सिद्धूनं हात वर केले. "पितृपक्षातच, ज्वारी द्यायला आलतो तवा. मी बघतोय तर तिन्ही गेलेली. म्हनलं लई मोठा दुश्मन लागलाय पाठी. मग शॉप घेतलं."

सगळ्यांच्या माना अव्वाकडं वळल्या.

"घरात नवं काय आनू नये म्हनलं मी," अव्वा शांतपणे म्हणाली. "हे घरात कुटं आलं? तूच म्हनलास, हाताला काय लागत न्हाय, सगळं वरच्यावर."

"अव्वा," अण्णा फोन पुढं करत म्हणाला, "हा विचारतोय, आपल्या आईने आपल्याला हेच शिकवले काय."

"व्हय," अव्वा म्हणाली. "मीच शिकवलं. ह्यालाच तेवढं शिकवायचं ऱ्हायलं."

म्हणजे एकेक जण दुश्मनाला घाबरून पुढचं नाव पळवत होता, आणि त्याच्या मागचा त्यालाच दुश्मन समजून त्याच्या पुढचं. सगळ्या घरानं पितृपक्ष मोडला होता, एक मी सोडून. पण पहिलं नाव? डॉट कॉम? ते कुणाचं? तेवढ्यात मला तो पहिला 'टुंग' आठवला, आणि मी स्वयंपाकघराकडं वळून बघितलं.

वहिनी दारात उभी होती. एका हाताला कणीक, दुसऱ्या हातात फोन.

"'त्यांना चटणीपलीकडे काही कळत नाही,'" तिनं वाचलं. "भाऊजी, हे मीच का?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सोलापूरची जमीन फार कडक आहे.

"त्याच दिवशी घेतलं," वहिनी म्हणाली. "तुम्ही जेवायला बसलात आणि मला भाकरी थापवेना. बचतगटातल्या बायकांनी कसं घ्यायचं ते सांगितलं होतं. त्याच रात्री घेतलं. अव्वा, चुकलं माझं. पण मला थांबवेना. आज भाऊजींनी बटण दाबलं की, हे तुमचंच आहे, असं दाखवेल वाटलं."

अण्णानं घसा खाकरला. "कुणाच्या नावावर घेतलंस?"

"माझ्या," वहिनी म्हणाली. मग हाताची कणीक काढत म्हणाली, "इतकी वर्षं तुमच्या घरची चटणी म्हणत होते. मी कधी काय म्हटलं नाही. वाईट वाटायचं पण. म्हटलं, एवढं एक तरी माझ्या नावावर असू दे."

अण्णाला प्रत्येक विषयावर मत असतं. या विषयावर त्याला मत नव्हतं. तो खाली बघत राहिला, आणि मला त्या क्षणी माझी स्वतःची इतकी लाज वाटली की मी उगाच लॅपटॉपचा हार सरळ करायला लागलो.

"पण वहिनी, पुण्याला कळवायचं राहिलंय," मी म्हणालो. काहीतरी उपयोगाचं बोलावं म्हणून. "आणि नुसती पाटी असून भागत नाही. पाटीमागं घर लागतं, म्हणजे वेबसाइट, म्हणजे जागा वेगळी घ्यावी लागते, मग पाटी त्या जागेला..."

"एका पानाची झालीय," वहिनी म्हणाली. "पुण्याला मी तेव्हाच कळवलं. कार्ड छापायला गेलं पण." तिनं फोन पुढं केला. कार्डाचा फोटो होता. 'शेंगाचटणी, सोलापूर. करणार: सुगला.' खाली पत्ता.

अव्वाला वाचता येत नाही. तिनं त्या नावावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यात आमच्या घरान्याचं नाव कुटं हाय?"

"नाही अव्वा," वहिनी हळूच म्हणाली.

"बरं दिसतंय तसंच," अव्वा म्हणाली, आणि आपट्याचं पान उचलून आधी सुनेच्या हातावर ठेवलं. थोरल्यांनी धाकट्याला आधी सोनं देणं आमच्यात पहिल्यांदाच झालं. मग अण्णानं पानासोबत आपलं डॉट इन दिलं, सुनंदानं डॉट को डॉट इन, सिद्धूनं डॉट शॉप. आता यातला कुठलाही पत्ता टाका, माणूस वहिनीच्याच पानावर जाऊन पोचतो. मीही पान दिलं. माझ्याकडं सोबत द्यायला काही नव्हतं.

जेवणं झाली. मी कोपऱ्यात बसून पाचवी पोळी खात होतो, (दुःखात मला भूक लागते) तेवढ्यात लॅपटॉपवर 'टुंग' झालं. डॉट कॉमच्या मालकाचं उत्तर आलं होतं. सुनंदानं ते सगळ्यांसमोर वाचलं:

'भूगोल विभागप्रमुखांना नमस्कार. नाव परत करता येत नाही. तुमच्या वहिनीचे सर्व व्यवहार तुम्ही पाहता असे कळले. तर उद्या सकाळी शेंगा भाजायला यावे. मालकीण.'

गेलो. पहिलाच घाणा करपवला. दिवाळीचे डबे वेळेवर गेले ते मला कढईपासून लांब बसवल्यामुळं. वहिनीच्या वेबसाइटवर आता निरोप पाठवायची चौकट आहे. जगातला कुणीही माणूस तिथं हवं ते लिहू शकतो. माझा निरोप तेवढा आधी सुनंदा तपासते, आणि तिनं अजून एकही पास केलेला नाही.